जुनी मोटार : भंगाराचा भाव आणि कारागिराची किंमत

या पानावर आपण नेहमी सुताचे भाव, बाजारातील मंदी, उधारी आणि करांविषयी वाचतो. आज मी एका जुन्या मोटारीविषयी लिहीत आहे. कापडवाल्याला हा कसला शौक सुचला, असे काही बंधूंना वाटेल. तरी शेवटपर्यंत वाचावे ही विनंती. विषय मोटारीचा असला तरी मुद्दा आपल्या धंद्याचा आणि आपल्या कारागिरांचा आहे. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, मराठी मी मूळजी जेठा मार्केटमध्ये गिऱ्हाइकांकडून शिकलो. भाषेत चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावे.

आमच्या मरहूम वालिदसाहेबांनी १९६७ साली दादरच्या एका पारशी सद्गृहस्थांकडून फियाट ११०० विकत घेतली. गाडी १९५६ च्या बनावटीची. ज्या मॉडेलचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडतात, ते हे मॉडेल. मुंबईच्या लोकांनी या गाडीला तिच्या तोंडावरून एका जनावराचे नाव ठेवले होते. आमच्या घरात ते नाव कोणी घेत नसे. अब्बा नुसते 'फियाट' म्हणत आणि अम्मी रागावल्या की तिला आपली सवत म्हणत, कारण सुट्टीचा अर्धा दिवस अब्बा तिला पुसण्यात घालवीत.

१९९१ मध्ये घरात व्हॅन आली आणि फियाट भिवंडीच्या गोदामात गेली. तिच्यापुढे कापडाचे तागे रचले गेले, मग मोडके बीम, मग रद्दी. २००४ मध्ये वालिदसाहेबांचे निधन झाले. २६ जुलै २००५ च्या महापुरात गोदामात गुडघाभर पाणी शिरले. माल उचलला गेला, गाडीकडे कोणी पाहिले नाही. अशी ती ३२ वर्षे उभी राहिली.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी हटल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मुदत आहे, ती संपली. बातमी वाचून धाकट्या भावाचा फोन आला, "भाईजान, आपली फियाट अजून गोदामात आहे ना? ती जागा भाड्याने गेली तर बरे." दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याला घेऊन भिवंडीला गेलो. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, वजनाचा अंदाज घेतला आणि २६ हजार सांगितले. मी हो म्हणणार होतो.

माग विकले तेव्हाचा धडा

मला थांबवले ते एका जुन्या सौद्याने. काही वर्षांपूर्वी आम्ही आमचे १२ साधे माग किलोच्या भावाने विकले होते. मंदी होती, वीजबिल परवडत नव्हते, नवे धोटाविरहित माग आले होते. त्या सौद्याची मला लाज नाही, व्यापारात असे करावे लागते. पण लोखंड तोलले जात असताना आमचा जुना मागवाला बाजूला उभा होता. कोणत्या मागाचा कोणता कान आवळला की कापडाची किनार सरळ येते, हे त्या माणसाला ठाऊक होते. त्या ज्ञानाचे वजन काट्यावर झाले नाही. सहा महिन्यांनी तो रिक्षा चालवू लागला. माग गेले त्यापेक्षा तो माणूस धंद्यातून गेला, हे नुकसान मोठे होते, आणि ते आमच्या वहीत कुठेच लिहिलेले नाही.

म्हणून भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवले. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एकाला गाडी दाखवली. गाडी पूर्ण आहे, इंजिन मूळचे आहे, असे पाहून त्याने आहे त्या स्थितीत १ लाख ६० हजार देऊ केले. एकच गाडी, आणि दोन भाव!

आधी वाटणी, मग पाना

इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. गाडी माझी नव्हती. ती वालिदसाहेबांच्या तरक्यातील होती आणि १९ वर्षे तिची वाटणीच झाली नव्हती. दुकान वाटले, गोदाम वाटले, अम्मींच्या पश्चात दागिने वाटले. गाडी 'भंगार' म्हणून राहिली. आम्ही तीन भाऊ, दोन बहिणी. म्हणजे आठ हिस्से, भावांचे दोन-दोन आणि बहिणींचा एक-एक.

भंगाराच्या भावाने हिशेब केला असता तर एका बहिणीच्या वाट्याला ३,२५० रुपये आले असते. बाजारभावाने २०,००० येतात. भावांपैकी एकाने सुचवलेही की २६ हजार धरू, गाडी तू ने, तुझा खर्च पुढे होणारच आहे. पण खर्च माझ्या हौसेचा, हिस्सा त्यांच्या हक्काचा. मी १ लाख ६० हजार धरले, माझे ४० हजार वजा करून १ लाख २० हजार चौघांना दिले आणि कागदावर सह्या घेतल्या. थोरल्या आपा मुंब्र्याला असतात. त्यांनी पैसे घेतले आणि म्हणाल्या, "गाडी नीट झाली की एकदा मला भिवंडीला घेऊन जा. अब्बांच्या शेजारी पुढे बसायला मला कधी मिळाले नाही, पुढे तुम्ही मुलेच बसायचा."

ज्यांच्या घरी, गावी, गोदामात अशी एखादी गाडी, शिलाईयंत्र, जुने घड्याळ, छापखान्याचे यंत्र पडून आहे, त्यांनी दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी ते कोणाकोणाचे आहे हे ठरवावे. वस्तू चमकल्यावर तिचे वारस वाढतात आणि भांडणे कोर्टात जातात. सरकारी कागदही याच्याशी जोडलेला आहे. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी नावावर करून घ्यावी, असा नियम आहे. आम्ही १९ वर्षे उशीर केला, त्याचे हेलपाटे आजही घालत आहोत.

आमची चूक

जानेवारी २०२४ मध्ये सपाट ट्रॉलीवर चढवून गाडी आणली. माणकोली, माजिवडा, कळवा, विटावा, मग ठाणे-बेलापूर रस्त्याने तुर्भे आणि सानपाडा. सोसायटीतील माझ्या जागेवर ती उतरवली तेव्हा मुले गोळा झाली. आठवड्याने सोसायटीची चिठ्ठी आली की 'भंगार वाहन' १५ दिवसांत हलवावे. सभेत जाऊन मी समजावून सांगितले, कागद दाखवले, तेल जमिनीवर सांडू देणार नाही असे लिहून दिले. ज्या गृहस्थांनी तक्रार केली होती, तेच आता संध्याकाळी येऊन आज काय झाले म्हणून विचारतात.

तिसऱ्याच दिवशी मी आणि पुतण्याने घाई केली. नवी बॅटरी लावली, टाकीत पेट्रोल ओतले, स्टार्टर मारला. इंजिन हलले नाही. मग गिअरमध्ये टाकून चार पोरांनी ढकलली. आतून कडकड आवाज आला. गंजाने चिकटलेल्या दोन पिस्टनच्या रिंगा तुटल्या आणि सिलिंडरला ओरखडे पडले. कुर्ल्याहून आलेल्या उस्तादांनी हेड उघडून दाखवले आणि एवढेच विचारले, "शेठ, इतकी वर्षे थांबलात, आठ दिवस जास्त का नाही थांबलात?"

बरोबर रीत त्यांनी सांगितली, ती लिहून ठेवतो. आधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे आणि आठ-दहा दिवस मुरू द्यावे. मग हँडलने, हाताच्या जोराने, थोडे थोडे फिरवून पाहावे. टाकीत जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो, ती उतरवून धुवावी. ब्रेकचे रबर दगड झालेले असते, म्हणून इंजिन चालू झाले तरी ब्रेक होईपर्यंत गाडी इंचभर हलवू नये. वायरिंगला कापडाचे आवरण असते, ते उंदरांनी कुरतडलेले असते. बॅटरी जोडण्यापूर्वी प्रत्येक तार पाहावी, नाहीतर आग लागते. आजच्या पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याला टिकत नाहीत, ते आजच्या पेट्रोलला चालतील असे घालावेत. आणि सानपाड्यासारख्या खाडीकाठच्या वस्तीत गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घालू नये. आत घाम धरतो आणि खारी हवा पत्रा खाते. सुती कापडाचे आच्छादन बरे. एवढे मात्र मला कोणी शिकवावे लागले नाही.

हिशेब

व्यापारी माणूस आहे, आकडे लपवणार नाही. वारसांना १,२०,०००. ट्रॉली ८,०००. इंजिन ७०,०००, यातील निम्मे आमच्या घाईचे. खालचा गंजलेला पत्रा ६५,०००. वायरिंग १८,०००. ब्रेक आणि टायर ४२,०००. एकूण ३ लाख २३ हजार. रंग, क्रोम आणि सीटचे काम बाकी आहे, त्याला आणखी दीड लाख धरा. इतके करून गाडी विकायला काढली तर पैसे सुटतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. ही हजारोंनी बनलेली गाडी आहे.

फ्रान्सचे उदाहरण लोक देतात. तिथे रॉजर बायों नावाच्या वाहतूक व्यावसायिकाने जमवलेल्या सुमारे ६० गाड्या शेडमध्ये कुजत पडल्या होत्या. २०१४ मध्ये त्या उजेडात आल्या आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात त्यांचे सुमारे अडीच कोटी युरो आले. त्यातील एका फेरारीचेच १ कोटी ६० लाखांच्या आसपास होते. पण ती फेरारी होती. आपल्या फियाटवर असा डाव लावणारा माणूस फसेल. नफ्यासाठी कोणी जुनी गाडी घरी आणत असेल तर मी त्याला नको म्हणेन.

मग मी का आणली? वरच्या आकड्यांकडे पुन्हा पाहावे. वारसांचे सोडले तर २ लाख ३ हजार रुपये खर्च झाले आणि त्यातील बहुतेक रक्कम कुर्ला आणि तुर्भ्याच्या कारागिरांच्या हातात गेली. नवी गाडी घेतली असती तर हाच पैसा कंपनीकडे आणि बँकेकडे गेला असता.

हात कोणाचे आहेत?

ही गाडी कुर्ल्याची आहे हे अनेकांना ठाऊक नसते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कुर्ल्याला कारखाना काढला आणि पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार करून या गाड्या केल्या. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी १९६४ मध्ये १२ हजारांची फियाट घेतली ती इथलीच. त्यासाठी त्यांनी बँकेचे ५ हजारांचे कर्ज काढले होते, जे त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नीने फेडले. पुढे हीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीच्या इंजिनाचे कूळ एकच, त्यामुळे टॅक्सीच्या बाजारातील बरेच सामान माझ्या १९५६ च्या गाडीला चालले.

कारखान्यात गाडी बनत होती, पण तिला ५० वर्षे जिवंत ठेवले ते कुर्ल्याच्या गॅरेजांनी, ऑपेरा हाऊसच्या सामानवाल्यांनी आणि चोर बाजारच्या दुकानांनी. त्यांत आपले किती लोक होते आणि आहेत, हे वाचकांना मी सांगायला नको. टॅक्सी बंद झाल्यावर त्या सामानाला रोजचे गिऱ्हाईक उरले नाही. एका दुकानात मी गॅस्केट घ्यायला गेलो तेव्हा मालक बाकीचा साठा पोत्यात भरत होते. भंगारवाला दुपारी येणार होता. मी एक पोते उचलले. बाकीची गेली.

पत्राकाम करणारे उस्ताद ७० च्या पुढचे आहेत. दरवाजाची खालची कड त्यांनी वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने अशी वळवली की जोड सापडत नाही. आज बाजारात खड्ड्यात लांबी भरून वर रंग मारतात. दोन पावसाळ्यांत ती फुगून पडते. त्यांच्याकडे शिकायला कोणी मुलगा नाही. स्वतःचा मुलगा मोटारसायकलवर पार्सले पोचवतो. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "गिऱ्हाईक काम हातोडीचे मागते आणि पैसे लांबीचे देते. पोराला कोणत्या तोंडाने बसवू?"

ही तक्रार खरी आहे. पण दुसरी बाजूही खरी आहे. आगाऊ पैसे घेऊन गाडी वर्षभर उघड्यावर ठेवणे, मूळ भाग काढून दुसऱ्याला विकणे, तारखेवर तारीख देणे, हे आपल्या गॅरेजांत होते आणि त्यामुळे पैसेवाले गिऱ्हाईक पाठ फिरवते. माझ्या घड्याळाचा काटा अशाच एका ठिकाणी बदलला गेला. तेव्हापासून मी गाडीच्या प्रत्येक भागाचा फोटो काढतो, यादी करून दोघांच्या सह्या घेतो, कामाचे टप्पे पाडतो आणि टप्पा झाला की त्याच संध्याकाळी पैसे देतो. उस्तादांना सुरुवातीला हा अविश्वास वाटला. आता तेच दुसऱ्या गिऱ्हाइकांकडून यादीवर सह्या घेतात.

१४ मीटर कापड

माझ्या धंद्याची गोष्ट सांगतो. सीटच्या दुमडीत मूळ कापडाचा वीतभर तुकडा सापडला. करडा, जाड, बारीक पट्ट्यांचा. भिंगाखाली इंचातील ताणे-बाणे मोजले आणि भिवंडीत विचारले. सगळे हसले. १४ मीटरसाठी माग कोण लावणार? बीमवर शेकडो मीटर ताणा असतो, फणीत तारा ओवण्यातच दिवस जातो. शेवटी नमुने विणणाऱ्या एका जुन्या विणकराने हातमागावर काढून द्यायचे कबूल केले.

घरी येताना विचार केला. मुंबई-पुण्यात अशा गाड्या बाळगणारे २० जण एकत्र आले तर ही २८० मीटरची ऑर्डर होते, आणि तेवढ्यासाठी माग लागू शकतो. हेच छताच्या अस्तराचे, दरवाजाच्या रबराचे, पितळी कड्यांचे. एकेकट्या गिऱ्हाइकाची हौस धंदा होत नाही. यादी करून मागणी एकत्र केली तर होतो. कापडवाले, सीटवाले, क्रोमवाले, पत्रावाले एका कागदावर नाव-पत्ता देऊन एकत्र आले तर गिऱ्हाइकाला दारोदार फिरावे लागणार नाही. यात कोणी लखपती होणार नाही, पण दोन-चार मुलांना उस्तादांच्या हाताखाली बसवण्याइतकी मजुरी त्यातून निघेल.

कायदा काय म्हणतो

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवरील दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात असेल तर 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. आधीची नोंद असेल तर जुना क्रमांक ठेवता येतो, नव्याला 'व्हीए' अक्षरांची मालिका मिळते. गाडी मूळ रूपात आहे की नाही, हे राज्याची समिती तपासते.

कारागिरांनी यातील 'मूळ स्वरूपात' हे शब्द लक्षात ठेवावेत. चासी, सांगाडा किंवा इंजिन बदलले तर गाडी या नियमातून बाहेर पडू शकते. एके काळी कित्येक फियाटमध्ये डिझेल इंजिने बसवली गेली, अशांची अडचण होईल. गिऱ्हाईक एसी मागेल, नवे इंजिन मागेल, तेव्हा त्याला हे आधी सांगणे आपले काम आहे. जगातही आता मूळपणालाच मान आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील पेबल बीचच्या स्पर्धेत पहिला मान १९३४ च्या एका बुगाटीला मिळाला. तिची जुनी स्थिती जशीच्या तशी राखलेली होती. अशा गाडीला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

आणखी एक इशारा. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊ, या हिशेबाने कोणी गाडी घेऊ नये.

शेवटी

आज माझ्या फियाटचे इंजिन चालते. ब्रेकची शेवटची तपासणी राहिली आहे. रंग पूर्ण खरवडायचा नाही असे आम्ही ठरवले आहे. डाव्या दरवाजावर अब्बांच्या अंगठीने पडलेली रेघ आहे, ती तशीच राहील. कापड विणकराकडे मागावर चढले आहे. कागद पूर्ण झाले की नियमात बसेल अशा एखाद्या रॅलीच्या दिवशी आपांना पुढे बसवून भिवंडीला न्यायचे आहे.

व्यापारी बंधूंना माझी विनंती एवढीच. गोदामात जुने काही पडले असेल तर भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी एखाद्या कारागिराला बोलवा आणि त्याच्या फेरीचे पैसे द्या. तो म्हणाला की यात जीव नाही, तर खुशाल विका. मी माझे १२ माग विकले तेव्हा कोणालाच विचारले नव्हते.